काकांच्या रायफलीवरची दुर्बीण

पन्नास सालानंतरची गोष्ट. मुलुंडला डोंगराच्या पायथ्याशी माझ्या काकांची भातखाचरं होती. घुशी बांध पोखरायच्या आणि खाचरातलं पाणी वाहून जायचं. घुशी मारायला काकांकडे परवान्याची पॉइंट टू-टू रायफल होती. पण साठी उलटली तशी नळीच्या टोकावरची नेम धरायची माशी त्यांना धूसर दिसायला लागली. एका पावसाळ्यात लागोपाठ पाच घुशी हुकल्या तेव्हा म्हणाले, "परवाना परत करतो." त्या दिवशी त्यांना जेवण गेलं नाही.

मी कारखान्यात फिटर होतो. म्हटलं, "काका, वर दुर्बीण बसवू या ना."

आम्ही फोर्टातल्या बंदुकीच्या दुकानात गेलो. दुकानदाराने सगळ्यात लांब, जाडजूड दुर्बीण पुढे केली. काकांनी ती डोळ्याला लावून रस्त्यापलीकडे पाहिलं. "अरे, ही तर नाचतेय! पाटीवरचं एकच अक्षर दिसतंय." घूस चाळीस पावलांवर निघणार आणि क्षणात पळणार, तिला शोधत बसायला वेळ कुठला? मी चौपट दाखवणारी लहान दुर्बीण मागितली. तिच्यातून अख्खी पाटी आणि खालचा पानवालाही दिसला. काका हसले. "हीच दे."

रायफल जुनी, दुर्बीण बसवायला तिच्यावर खाचच नव्हती. कारखान्यातल्या साहेबांची परवानगी घेऊन मी पोलादाच्या दोन पकडी घासून बनवल्या. रविवारी ओसरीवर बसून दुर्बीण चढवली, तर गोळी भरायच्या बोल्टची मूठ तिला अडून वर उठेना. वाट लागली! पुढच्या आठवड्यात पकडी सूतभर उंच करून आणल्या. मग बोल्ट मोकळा फिरला. बांधाला टेकवलेल्या पुठ्ठ्यावर काकांनी गोळ्या झाडल्या. वीस पावलांवर नेम बरोबर, चाळीसवर गोळी डावीकडे.

काकू दारात तांदूळ निवडत होती. म्हणाली, "दुर्बिणीतली नेमाची फुली सरळ आहे का रे? गवंडी भिंतीला ओळंबा लावतो ना, तसं बघ."

मी आंब्याच्या फांदीला दोरी बांधून दगड लटकवला आणि रायफल सपाट धरून पाहिलं. फुली चांगलीच कलली होती! पकडी सैल केल्या, दुर्बीण फिरवून उभी रेघ दोरीशी जुळवली, पुन्हा आवळल्या. मग दर गोळीनंतर दुर्बिणीच्या बाजूचा स्क्रू थोडाथोडा फिरवत गेलो. सहाव्या गोळीला पुठ्ठ्याच्या मधोमध भोक पडलं. "झकास!" काका ओरडले आणि आधी काकूकडे पाहिलं.

चार दिवसांनी, उन्हं उतरताना, बांधावर भली मोठी घूस आली. काका मातीच्या ढिगाला टेकून पालथे पडले होते. एकच आवाज झाला आणि घूस जागच्या जागी आडवी झाली.

काका उठले, गुडघ्यांवरचा चिखल झटकला आणि फावडं घेऊन तिने पाडलेलं भोक बुजवायला लागले.