रावस घेऊन जाळीच्या मॅचिंगला

गिरगाव सोडून मी सहसा कुठे जात नाही. नोकरी होती तोवर रोज फोर्टपर्यंत जायचो, तेही पगार देत होते म्हणून. निवृत्त झाल्यापासून पश्चिमेला चौपाटी आणि पूर्वेला भुलेश्वर एवढंच माझं जग. त्यामुळे त्या शुक्रवारी सकाळी दारात चपला घालताना मी जाहीर केलं, "दादर, परळ, लालबाग करून येतो," तेव्हा आमच्या सुमनने गॅस बंद केला आणि बाहेर आली.

"एकाच दिवशी?" तिने विचारलं.

"हो."

"पाण्याची बाटली घ्या. आणि रस्त्यात कुणाशी बोलत उभे राहू नका."

एवढा मोठा प्रवास करायला कारणही तसंच होतं. आमचा जावई निखिल लालबागचा. त्याने गेल्या वर्षी एक कयाक घेतली. कयाक म्हणजे चिंचोळी, वल्ह्याची, दोन माणसं एकामागे एक बसतील अशी प्लॅस्टिकची होडी. ती मांडव्याला एका मित्राच्या अंगणात असते आणि दर रविवारी आम्ही दोघं तिच्यातून गळ टाकायला जातो. पुढच्या जागेवर तो, मागच्या जागेवर मी. पहाटे साडेचारला तो खाली येऊन हॉर्न वाजवतो आणि अख्खी वाडी शिव्या घालते. घालू देत. या वयात आपल्यासाठी कुणी पहाटे हॉर्न वाजवतं, ही काय चैन आहे ते माझ्या वयाच्या माणसालाच कळेल.

मागच्या रविवारी निखिलच्या गळाला जिताडा लागला. खाडीतला मासा, अंगाने भरलेला, चवीला लाजवाब. त्याने तो दमवत दमवत कयाकच्या कडेला आणला आणि म्हणाला, "बाबा, धरा!" मी टॉवेल घेऊन झडप घातली. हात वर आले तेव्हा त्यांत टॉवेल होता, जिताडा नव्हता. निखिल फक्त "असू दे बाबा" म्हणाला. बुधवारी त्याचा फोन आला. आवाज अगदी मऊ. "बाबा, या रविवारी ऑफिसातल्या रोहनला नेऊ म्हणतो. त्याच्याकडे मासा उचलायची जाळी आहे ना, म्हणून."

झालं! माझी जागा चालली. पण कशामुळे, तर एका जाळीमुळे. मग जाळी आपण आणू, रोहनच्या नाकावर टिच्चून आणू, आणि जागा राखू. या एका निश्चयावर मी गिरगावची वेस ओलांडली.

हल्ली आमच्याकडून दादरला जमिनीच्या पोटातून जाता येतं. मेट्रोत गारवा इतका, की मी शेजारच्या गृहस्थांना सांगितलं, इथे आत बर्फावर मासळी ठेवली तर संध्याकाळपर्यंत ढिम्म काही होणार नाही. मग जिताड्याची हकीकत सांगितली. मग रोहनची. गृहस्थ उठून दुसऱ्या टोकाला जाऊन बसले. त्यांना गारवा सोसत नसावा.

दादरला वर आलो आणि उन्हाने डोळे दिपले. फुलांचे ढीग, गर्दी, हातात पिशव्या आणि तोंडात भाव. पहिल्यांदा खेळाच्या सामानाच्या एका दुकानात शिरलो. "जाळी दाखवा," म्हटलं. मालकांनी बॅडमिंटनची दाखवली. "अहो, गोल हवी." मग बास्केटबॉलची दाखवली. तिला बूड नव्हतं. मी म्हटलं, यातून मासा खाली पडेल. ते म्हणाले, यातून खाली पडायलाच पाहिजे. आम्ही दोघेही आपापल्या जागी बरोबर होतो, म्हणून मी निघालो.

पुढे शोभेच्या माशांचं दुकान लागलं. तिथल्या बाईंनी खरोखरच माशाची जाळी काढली, हिरवी, तारेची, तळहाताएवढी.

"याहून मोठी?"

"तुमचा मासा केवढा आहे?"

मी दोन्ही हात फाकवले. माझा एक हात काचेच्या टाकीला लागला, दुसरा बाहेर चाललेल्या एका माणसाच्या टोपीला. बाईंनी आधी माझ्या हातांकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे. "काका, असं सगळेच सांगतात," त्या म्हणाल्या.

याचा मला फार राग आला. बाहेर येऊन सुमनला फोन लावला आणि दादरच्या समस्त व्यापारी वर्गाविषयी माझं मत सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं. कुकरच्या दोन शिट्ट्याही मध्ये होऊन गेल्या.

"अहो, मी दादरला ब्लाऊजपीस घ्यायला जाते तेव्हा काय करते?"

"उशीर करतेस."

"साडी घेऊन जाते! साडीशिवाय मॅचिंग मिळतं का कधी? हवेत हात करून रंग दाखवला तर कोण कापड काढेल?"

मी रस्त्यातच थांबलो. मागून एका हातगाडीवाल्याने "ओ काका, मरायचंय काय" विचारलं, पण माझं लक्ष नव्हतं. बाईमाणसाने चाळीस वर्षं डोळ्यांसमोर केलेली गोष्ट, आणि मला आज समजली. जाळी घ्यायची तर मासा बरोबर हवा.

आगर बाजारात गेलो. जिताडा नव्हता, पण त्याच्याच मापाचा एक रावस फळीवर पसरला होता, चंदेरी, रुबाबदार. मी कोळीणबाईंना सगळा इतिहास सांगायला घेतला. त्या म्हणाल्या, "दादा, रावस घ्यायचाय का गप्पा मारायच्यात?"

"घ्यायचाय."

"तुकड्या करू?"

"छे छे! अख्खा हवा. याच्या मापाची जाळी बघायची आहे."

त्यांनी कोयता खाली ठेवला आणि शेजारणीला हाक मारली. "अगो ऐकलास काय? हा मेलेल्या माशाला जाळी घेतोय!" शेजारणीने पुढच्या शेजारणीला सांगितलं. मी बाजाराबाहेर पडेपर्यंत ही बातमी माझ्यापुढे दोन फळ्या होती.

टॅक्सीवाल्यांनी रावसाचं शेपूट पिशवीबाहेर पाहिलं आणि मान फिरवली. म्हणून परळसाठी बस धरली. इथे मला या प्रदेशातल्या लोकांचा एक रिवाज नीट पाहायला मिळाला. मासा दिसला की इथल्या माणसाचा हात आपोआप पुढे जातो आणि कल्ला (माशाच्या गालावरचं झाकण) उचलून आतला लाल रंग बघतो. मासा कुणाचा, माणूस ओळखीचा की अनोळखी, हा प्रश्नच येत नाही. शेजारच्या ताईंनी कल्ला उचलला आणि म्हणाल्या, "छान आहे." मागच्या सीटवरच्या आजोबांनी वाकून उचलला आणि म्हणाले, "कालचा आहे." कंडक्टरने तिकीट देता देता उचलला आणि नुसतंच "हं" केलं. त्या "हं"चा अर्थ मी परळ येईपर्यंत विचारत होतो, पण तो काही बोलला नाही.

परळ गावात एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर गळ, दोऱ्या, वल्ही असं सामान मिळतं. मालक तिशीतला, टी-शर्टवाला, नाव दिनेश. मी पिशवीतून रावस काढून काउंटरवर ठेवला आणि म्हटलं, "याला मॅचिंग जाळी द्या."

दिनेशने आधी कल्ला उचलून पाहिला. मग म्हणाला, "बरा आहे. बोटीवरून की कयाकवरून?"

अहाहा! त्या प्रश्नाने माझा सगळा शीण गेला. गिरगाव सोडल्यापासून पहिल्यांदाच कुणीतरी माझ्या भाषेत बोललं होतं. मी त्याला पहिल्यापासून सांगितलं. जिताडा, टॉवेल, रोहन, बास्केटबॉल.

"काका, दोन मिनिटं थांबलात तर मी पण बोलतो," दिनेश म्हणाला. मग त्याने मला प्लॅस्टिकच्या स्टुलावर बसवलं. "ही तुमची कयाक. उठायचं नाही. उठलात की पाण्यात." रावसाच्या तोंडात त्याने गळ अडकवला, गळाला दोरी बांधली आणि तो फरशीवरून माझ्या दिशेने ओढत आणू लागला.

पहिल्या जाळीचं कडं लहान निघालं. रावसाचं डोकं आत गेलं, बाकीचा बाहेर. दुसरी मला फार आवडली, लांबलचक दांड्याची. मी ती ऐटीत फिरवली आणि भिंतीवरच्या गणपतीचा हार माझ्या गळ्यात आला. "लांब दांडा उभ्या माणसाला," दिनेश म्हणाला. "बसलेल्याला आपल्या हाताएवढाच पाहिजे." तिसरी नायलॉनची. तिच्यात गळ असा अडकला, की सोडवताना रावस, जाळी आणि मी एकत्र बांधले गेलो. एव्हाना दारात बसस्टॉपवरची निम्मी रांग गोळा झाली होती. जाळी कुणीच बघत नव्हतं. एकेक जण आत यायचा, कल्ला उचलायचा, मान हलवायचा आणि बाहेर जाऊन दुसऱ्याला सांगायचा.

चौथी जाळी रबराची होती. रुंद कडं, आखूड दांडा, बुडू नये म्हणून दांड्यात फोम भरलेला, आणि कयाकला बांधायला एक दोरी. दिनेश म्हणाला, "शेपटाकडून जाऊ नका. जाळी आधी पाण्यात ठेवायची, मासा तोंडाकडून आत येऊ द्यायचा. घाई नाही, आवाज नाही." मी जाळी फरशीवर टेकवली. रावस सरकत आला आणि आपल्या घरात जावा तसा आत गेला. दारातून टाळ्या पडल्या. एका आजींनी तर "नीट जा रे बाबा" म्हणून रावसालाच निरोप दिला.

जाळी खांद्यावर, जाळीत रावस, असा मी लालबागकडे चालत निघालो. मसाल्याच्या गल्लीतून मिरचीचा खकाणा उठला होता. मी सात-आठ वेळा शिंकलो आणि दर शिंकेला रावस उडाला. समोरून येणाऱ्या एकाने आदराने विचारलं, "काका, कुठे लागला?"

"दादरला!" मी म्हटलं. खोटं बोलायची मला सवय नाही.

लेकीच्या सासरी रिकाम्या हाताने जाऊ नये म्हणतात, तो प्रश्न आपोआप सुटला होता. दार विहीणबाईंनी उघडलं. त्या मूळच्या मालवणकडच्या, आणि घरात अजून मालवणीच बोलतात. त्यांनी जाळी पाहिली, रावस पाहिला, आणि "इलात? येवा" (आलात? या) म्हणायच्या आधी कल्ला उचलला.

"व्याही, ह्यो दादरचो. बर्फातलो. सकाळधरून फिरताहा."

मी सोफ्यावर बसलो आणि निखिलपुढे जाळी धरली. निखिल घरून काम करत होता, तो लॅपटॉप मिटून उठला. मी म्हटलं, "घे! रोहनच्या जाळीपेक्षा सरस आहे. आता माझी जागा पक्की ना?"

निखिल जाळीकडे बघत राहिला. कानापर्यंत लाल झाला. "बाबा, म्हणजे जाळी मस्तच आहे, पण..." एवढं बोलून त्याने आमच्या केतकीकडे पाहिलं. जावई सासऱ्याला तोंडावर कसं सांगणार? शेवटी माझी लेकच बोलली.

"बाबा, जाळीचा प्रश्न नाहीये रे. तू बोलतोस."

"म्हणजे?"

"होडीत बसल्यापासून उतरेपर्यंत बोलतोस. मासे पळतात. जिताडा कडेला आला होता तेव्हा तू निखिलला तुझ्या हेडक्लार्कची गोष्ट सांगत होतास. 'धरा' तो तीनदा म्हणाला. त्याला तुला दुखवायचं नव्हतं, म्हणून जाळीचं नाव पुढे केलं."

मला खरंच वाईट वाटलं. मेट्रोतले गृहस्थ आठवले, कंडक्टर आठवला, आणि गारव्याचा दोष नव्हता हेही कळलं. घरी सुमन ऐकून ऐकून थकली आहे, वाडीतले मित्र एकेक करून बोरिवली-डोंबिवलीला गेले. मागे बसून समोरच्या पाठीशी बोलायचं, एवढाच तर माझा रविवार होता. पण ती जागाच गेली तर बोलणार कुणाशी? मी म्हटलं, "निखिल, मी गप्प बसेन. एकदा बघ तरी."

निखिल काही बोलायच्या आत विहीणबाईंनी परीक्षा जाहीर केली. "सोफो म्हणजे होडी. जेवान होयसर एक शब्द काढूचो नाय." (जेवण होईपर्यंत एक शब्द काढायचा नाही.) निखिल पुढे बसला, मी मागे, मांडीवर जाळी. केतकीने रावसाची दोरी धरली आणि स्वयंपाकघराच्या दारापासून त्याला हळूहळू ओढायला लागली. विहीणबाई खोबरं वाटता वाटता आतून सोडत होत्या, "गिरगावातल्यांक माशातला काय कळता?" मी ओठ आवळले. "थयलो सरंगो म्हणजे नुसतो कागद." (थयलो म्हणजे तिथला, सरंगा म्हणजे पापलेट.) सरंगा! आमच्या सरंग्याला! माझे डोळे भरून आले, पण मी अवाक्षर काढलं नाही. रावस सोफ्याच्या कडेला आला. जाळी टेकवली. तोंडाकडून. घाई नाही, आवाज नाही. रावस आत.

निखिलने मागे वळून माझ्या गुडघ्यावर हात ठेवला. "रविवारी साडेचारला खाली या, बाबा. रोहनला मी सांगतो."

मग रावसाच्या तुकड्या झाल्या. सगळ्या परळ-दादरने ज्याला हात लावला त्याचं कालवण इतकं चांगलं होईल असं मला वाटलं नव्हतं. डोकं विहीणबाईंनी माझ्या ताटात वाढलं.

परतीच्या बसमध्ये जाळी उभी धरून बसलो होतो. शेजारच्याने विचारलं, "काका, फुलपाखरं पकडता का?" केवढा मोठा विषय होता! आगर बाजारापासून सुरू केलं असतं तर गिरगाव पुरलं नसतं. मी नुसता हसलो आणि खिडकीबाहेर पाहिलं. इतकी वर्षं या रस्त्यांवरून गेलो, पण भायखळ्याच्या पुलावरून संध्याकाळी एवढं आकाश दिसतं हे मी पहिल्यांदाच पाहत होतो. गप्प बसलेल्या माणसाला प्रवासात बरंच काही दिसतं, एवढं या सफरीत शिकलो. रविवारला अजून दोन दिवस होते आणि मला सराव करायचा होता.

घरी पोचलो. सुमनने दार उघडलं. "मिळाली का जाळी? दादरला काय म्हणाले? निखिल काय म्हणाला?"

मी जाळी कोपऱ्यात टेकवली, चपला काढल्या, पाणी प्यायलो आणि खुर्चीत बसलो.

सुमनने थोडी वाट पाहिली. मग जवळ आली आणि माझ्या कपाळावर हात ठेवला.

"अहो," ती घाबरून म्हणाली, "बरं वाटत नाहीये का?"