आधीचं बरं की आताचं?

माझी आत्या चष्म्याच्या दुकानात डोळे तपासते. गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की त्याच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवते, एक काच काढते, दुसरी घालते आणि विचारते, "आधीचं बरं की आताचं?" एका वेळी एकच काच बदलायची, हा तिचा नेम. घरीसुद्धा भाजी अळणी लागली तर ती फक्त मीठ घालते. तिखटाचं नंतर बघू म्हणते.

गेल्या वर्षी आतोबांना झटका आला आणि उजवा हात लुळा पडला. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवलेला हात. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी स्पष्टच सांगितलं, रोज हलला तर परत येईल, नाहीतर आखडून बसेल. चेंडू दाबायला दिला की आतोबा भिंतीकडे बघत. तो हात आपणहून पुढे यायचा तो फक्त कॉम्प्युटरवरच्या एका जुन्या गेमसाठी. धुक्यातून गलबत हाकायचं, बेटं शोधायची. माऊसवर बोटं थरथरायची, पण चालायची.

मग जुना कॉम्प्युटर बंद पडला. नव्यावर आत्याने गेम आणला, तर समुद्रावर काळे चौकोन नाचायला लागले. लांबचे डोंगर धुक्यातून अर्धवट बाहेर आलेले, कात्रीने कापल्यासारखे.

"हा डोंगर आहे की फाटकं पोस्टर?" आतोबांनी हात मांडीवर ठेवला. "बंद कर."

"अहो, दोन दिवसांत सवय होईल."

"गिऱ्हाइकाला सांगतेस का असं? चुकीच्या नंबरची सवय करा म्हणून?"

हात दुसऱ्या दिवशीही मांडीवरच होता. तिसऱ्याही.

आत्या कामाला लागली. हा गेम खेळणाऱ्या लोकांना तिने इंटरनेटवर गाठलं, न लाजता विचारलं. शेडर म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक ठिपक्याला कोणता रंग द्यायचा हे ठरवणारा छोटा प्रोग्रॅम, हे मला तिनेच समजावलं, चष्म्याचा नंबर समजवावा तसं. गेमच्या फोल्डरबरोबर जुन्या मशीनसाठी बनलेल्या शेडरच्या फाइलीही नव्यावर आल्या होत्या. त्या तिने पुसल्या. गेमने नव्या बनवल्या आणि काळे चौकोन गेले.

"आधीचं बरं की आताचं?"

"पाणी बरंय. डोंगर तसाच."

मग सावल्या बंद करून पाहिल्या. फरक नाही, पुन्हा चालू. पडद्यावर चित्र उमटवणाऱ्या कार्डाचा ड्रायव्हर, म्हणजे ते चालवणारा प्रोग्रॅम, बदलला. फरक नाही, पुन्हा जुना. मलाच धीर धरवेना.

"आत्या, सगळं एकदम बदलून टाक ना!"

"आणि बरं झालं तर कशानं झालं, ते कोण सांगणार? तुझा बाप?"

रविवारी सकाळी सेटिंगची फाइल वाचता वाचता ती एका आकड्यापाशी थांबली आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. नजर किती लांब पोचावी, याचा तो आकडा. पहिल्याच दिवशी, नवं मशीन आहे तर यांना लांबपर्यंत दिसू दे म्हणून, तिनेच तो दुप्पट केला होता. धुकं मात्र जुन्या पल्ल्यापुरतंच होतं. त्यापलीकडचे डोंगर उघडे पडले होते. इतके दिवस तिने हा बदल बदलांत धरलाच नव्हता.

"लोकांना लांबचं दाखवायची खोड माझी," ती म्हणाली. "इथेही नडली."

तिने आकडा पूर्ववत केला. डोंगर फिके झाले, निळसर झाले, कडा हळूहळू विरल्या. आतोबा पुढे झुकले. रंगवलेली पाटी रस्त्यापलीकडून बघताना करायचे तसे त्यांनी डोळे बारीक केले.

"आधीचं बरं की आताचं?"

उजवा हात मांडीवरून सरकला, टेबलाच्या कडेला अडला. आत्याने तो उचलायला स्वतःचा हात पुढे केला आणि तसाच मागे घेतला. जरा वेळाने बोटं माऊसवर चढली.

"पुढे काय आहे गं?"

"मला कुठे दिसतंय? जा आणि बघा."

गलबत धुक्यात शिरलं.