तीन सूत

लिहिण्याचा मला अधिकार नाही, हे आधीच कबूल करतो. आमच्या घरात माझ्याआधी कोणी दहावीच्या पुढे गेलेलं नाही, आणि मी स्वतः आजवर जे काही लिहिलं ते प्रॅक्टिकलच्या जर्नलमध्ये: उद्देश, साहित्य, कृती, निष्कर्ष. वाचताना कुठे तसा वास आला तर माफ करा. त्यात विषय स्कीचा. पायाला बांधून बर्फावरून घसरायच्या त्या लांब पट्ट्या. बर्फ मी अजून पाहिलेला नाही, तेव्हा हा आगाऊपणा जरा जास्तच आहे.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला स्ट्रेंग्थ ऑफ मटेरियल्समध्ये मी नापास झालो आणि त्या एका विषयामुळे पुढचं वर्ष अडकलं. पेपर फेरतपासणीला टाकला होता. बाबा मी जन्मायच्या आधीपासून गल्फमध्ये. त्या वेळी ते हमरिया फ्री झोनमध्ये दरवाजे बनवणाऱ्या एका वर्कशॉपला, प्लायचे थर दाबून चिकटवायच्या प्रेसवर होते. त्यांनी दोन महिन्यांचा व्हिजिट व्हिसा काढून मला बोलावून घेतलं. घरी बसून झुरण्यापेक्षा इथं येऊन चार गोष्टी बघ, असं फोनवर म्हणाले होते. खरं कारण आल्यावर कळलं. अरबाबकडे, म्हणजे मालकाकडे, हेल्परचा एक व्हिसा रिकामा होता आणि महिनाअखेरपर्यंत तो बाबांच्या मुलासाठी अडवून ठेवायला तो तयार होता. पेपर सुटला तर मी परत कॉलेजला. नाही सुटला तर माझा पासपोर्ट ऑफिसात जमा आणि मी हेल्पर.

निकालाचं कार्ड गावी पोस्टाने येणार होतं. ते आलं की आई दुकानातून वर्कशॉपच्या ऑफिसला फोन लावणार, असं ठरलं होतं. त्यामुळे ऑफिसातला फोन वाजला की माझ्या हातातलं काम थांबायचं. काचेपलीकडचा मल्याळी क्लार्क रिसीव्हर उचलून कोणाशी तरी दरवाज्यांच्या मापांबद्दल बोलू लागला की पुन्हा सुरू. दिवसातून वीस-पंचवीस वेळा तरी हे व्हायचं. कागदावर मी पाहुणा होतो, पण नुसतं बसवेना. झाडू मारायचो, फळ्या उचलून द्यायचो, पाण्याचा कूलर भरायचो.

अशात एक जर्मन साहेब आला. जवळच्याच एका प्रोजेक्टवर इंजिनियर होता आणि त्याचे दरवाजे आमच्याकडे बनत होते. गाडीतून त्याने एक जुनी स्की काढली. शुक्रवारी तो वाळूच्या टेकड्यांवर स्की करायचा, आणि वाळूने तिचा तळ पार खरवडून काढला होता. खराब झाली तरी वाईट वाटणार नाही अशी एक जोडी त्याला बनवून हवी होती. बाबांनी ती स्की उलटीपालटी करून पाहिली, डोळ्याजवळ धरून तिची धार बघितली आणि म्हणाले, "होऊन जाईल."

बाबांना बर्फाचा काहीच पत्ता नव्हता. वर्कशॉपमध्ये बर्फ पाहिलेला माणूस एकच, स्वातचा पठाण सुतार. त्याला सगळे उस्ताद म्हणायचे. त्याने सांगितलं की आमच्याकडे पोरं फळ्या बांधून घसरतात आणि पाय मोडून घेतात. यापलीकडे त्याचीही माहिती जात नव्हती.

पण वाकवायचं कसं ते बाबांना पक्कं माहीत होतं. पातळ मरीन प्लायचे चार थर, मधे एपॉक्सी, तळाला फॉर्मायका. प्रेसखाली एक जाड फळी साचा म्हणून, तिच्या पुढच्या टोकाला पाइपचा अर्धा तुकडा, म्हणजे स्कीचं नाक त्यावरून वर वळेल. नाक प्रेसच्या बाहेर राहायचं, ते सी-क्लॅम्पने आवळायचं. वर जाड रबराची शीट, म्हणजे दाब सगळीकडे सारखा बसतो. आणि साच्याच्या मधोमध पॅकिंग, म्हणजे उंची द्यायला एक पट्टी, दोन्हीकडे उतरती. त्यामुळे स्की मधे किंचित उचललेली राहते आणि माणूस उभा राहिला की त्याच्या वजनाने सरळ होते. ही गोष्ट मी पुस्तकात वाचली होती, याच विषयाच्या. बीमचं डिफ्लेक्शन. पण प्रेसचं चाक फिरवताना फळी करकरते तेव्हा ते पुस्तकातलंच आहे हे लक्षात यायला मला दोन दिवस लागले.

बूट अडकवायला पत्र्याच्या वाट्या हव्या होत्या. त्या मी वाकवल्या. बेंडिंग मशिनवर पहिल्या तीन बिघडल्या, चौथी जमली. टाचेमागे अँगलचा तुकडा आणि लॉरीवर माल बांधतात त्या पट्ट्या, बकलसकट. उस्ताद जवळून जाताना म्हणायचा, "इंजिनियर साब, हाथ भी है आपके पास." ते मला चांगलं वाटायचं. इतकं चांगलं वाटायचं की त्याचीच भीती वाटायची.

पहिली स्की बाबांनी केली. एपॉक्सी गळून पॅकिंग तिला चिकटलं आणि सोडवताना मोडलं. त्याच दिवशी त्यांना खोर फक्कानला दरवाजे बसवायला जावं लागलं, चार दिवसांसाठी. दुसरी तू कर, म्हणाले. साच्याच्या फळीवर पेन्सिलीने लिहून गेले: मध्ये ३ सूत.

मी केली. व्हर्नियर काढलं, पट्टी मोजली, बरोबर तीन मिलिमीटर. दोन्हीकडे उतार दिला. थर लावले, प्रेस खाली आणली, नाकाला क्लॅम्प लावले. दुसऱ्या दिवशी प्रेस उघडली तेव्हा पत्र्यासारखी स्वच्छ निघाली. पहिली स्की भिंतीला टेकून उभी होती. तिच्यापुढे ही धरून बघायला अर्धं मिनिट पुरलं असतं. मी धरली नाही. मी मोजून केलं होतं ना.

बाबा परत आले, हात धुतले आणि दोन्ही स्की फरशीवर ठेवल्या. पहिली मधे उचललेली, खालून बोट सहज गेलं. दुसरी पाटासारखी पडून राहिली.

"किती ठेवलंस?"

"तुम्ही लिहिलंत तेवढंच. तीन सूत."

"दाखव तीन सूत."

मी व्हर्नियर तीन मिलिमीटरवर आणून त्यांच्यासमोर धरलं. उस्ताद वाकून बघायला आला. "साब, ये सूत है कि बाल?" तो म्हणाला, आणि मागचे दोघे हसले.

बाबा हसले नाहीत. "इंचाचे आठ सूत असतात," ते म्हणाले. "तुला ठाऊक नाही?"

मला ठाऊक नव्हतं. आमच्या घरी सूतभर म्हणजे अगदी इवलंसं. आई म्हणायची, पाट सूतभर पुढे घे. सूत हे माप आहे हे मला कोणी सांगितलं नव्हतं. माझ्या लेखी मिलिमीटर हेच सगळ्यात लहान माप, म्हणून मी सूत मिलिमीटरवर आणून ठेवलं होतं. हे सगळं मी अडखळत सांगितलं.

"मी रोज बोलतो हे. घरात कधी ऐकलं नाहीस माझ्या तोंडून?"

"तुम्ही घरात होतात कधी, बाबा?"

मला टोमणा मारायचा नव्हता. खरंच आठवून सांगत होतो. दोन वर्षांतून दोन महिने, आणि त्या दोन महिन्यांत ते कामाचं काही बोलत नसत. उस्तादने रंधा उचलला आणि आपल्या टेबलाकडे गेला.

बाबांनी खिशातून टेप काढला. मला वाटलं दरवाजा मोजायला निघाले. ते माझ्याशेजारी स्टुलावर बसले आणि टेपवर नख ठेवून म्हणाले, हा एक सूत. हे दोन, म्हणजे पाव इंच. हे चार, अर्धा इंच. तीन म्हणजे इथे, तुझ्या साडेनऊ मिलिमीटरच्या आसपास. मग मला टेप दिला आणि विचारत गेले. पाच कुठे? सात कुठे? पहिलीतल्या मुलाला पाढे विचारतात तसं. मी एकोणीस वर्षांचा होतो. दोनदा चुकलो.

सपाट स्की फुकट गेली. नवी आम्ही दोघांनी मिळून केली. थर मी लावले, पॅकिंग त्यांनी. क्लॅम्प आवळताना ते एकदा म्हणाले, इतकं नको, नाक फुटेल, आणि माझा हात धरून अर्धा फेरा मागे घेतला. ते तीन दिवस फोन वाजल्यावर मी काचेकडे बघितलंच नाही, असं म्हणणार होतो. पण बघितलं. फक्त जरा उशिरा.

शुक्रवारी साहेबाने आम्हाला धैदच्या रस्त्याला लाल टेकड्यांवर नेलं. तो वर चढला, पट्ट्या आवळल्या आणि खाली आला. फार वेगाने नाही, पण उभा राहून, दोन वळणं घेऊन. पायथ्याशी येऊन त्याने बाबांना अंगठा दाखवला. मग मला वर पाठवलं. मी दहा-बारा फूट सरकलो आणि तोंडावर पडलो. दातात वाळू. बाबा खालून हसत होते. त्यांना तसं हसताना मी पूर्वी पाहिलेलं आठवत नाही.

परत खाली आल्यावर मी त्यांच्याजवळ बसलो आणि धीर करून म्हणालो, "बाबा, पेपर नाही सुटला तरी मला चालेल."

ते बराच वेळ स्कीच्या तळावरची वाळू पुसत राहिले.

"मला नाही चालणार," ते म्हणाले. "तुला इथं आवडायला लागलंय ते मला दिसतंय. मलाही पहिल्या महिन्यात प्रेस आवडली होती."

"मग तुम्ही मला बोलावलंत कशाला?"

"व्हिसा रिकामा होता. चान्स कोण सोडतो? आता वाटतंय, नसता तर बरं झालं असतं."

मला दोन्ही हवं होतं, आणि दोन्ही नको होतं. महिना संपायला चार दिवस होते. शनिवारी कामावर जाताना बाबांनी माझा पासपोर्ट पेटीतून काढून शर्टाच्या खिशात ठेवला. अरबाबने तो मागितला होता.

सोमवारी जेवणाच्या आधी क्लार्कने काचेवर टकटक केलं. यल्ला, चलो, इंडिया का फोन, म्हणाला, पण बोट बाबांकडे दाखवत होता. आम्ही दोघे धावलो. पासपोर्ट अजून बाबांच्या खिशातच होता. रिसीव्हर त्यांनी उचलला, दोन वेळा हॅलो म्हणाले आणि काही न ऐकताच माझ्या हातात दिला.

लाइनवर आईचा आवाज येत-जात होता. तिला इंग्रजी वाचता येत नाही. कार्ड दुकानदाराने वाचलं होतं आणि तिने ते पाठ केलं होतं. "बेचाळीस," ती म्हणाली. "चाळीस लागतात ना? दुकानदार म्हणतात, सुटला तुझा विषय. सुटलास हो."

पुन्हा सांग, मी म्हणालो, आणि रिसीव्हर बाबांच्या कानाला लावला.