स्वच्छतागृहाशेजारचा स्टॉल

तिला सगळे सिस्टर म्हणत. वॉर्डातले म्हणत हे ठीकच, पण कोपऱ्यावरच्या दुकानदारापासून वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांच्या जावयापर्यंत सगळेच म्हणत. नवरासुद्धा चारचौघांत "आमच्या सिस्टरना विचारा" असंच सांगे. सरकारी हॉस्पिटलच्या पुरुषांच्या वॉर्डात तिची सगळी नोकरी झाली. ती निवृत्त झाली, पण तिच्या बोलण्यातला वॉर्ड काही निवृत्त झाला नाही. तिने भाजीवाल्याला नुसता भाव विचारला तरी त्याला वाटे, आता आपल्याला जीभ दाखवायला लावणार.

तिची लेक इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा झालेली. लहानपणी तिच्या उद्योगांमुळे घरातले दिवे इतक्यांदा गेले की बापाने तिचं नाव फ्यूज ठेवलं, आणि तेच चिकटलं. एका दुरुस्तीच्या दुकानात ती मिक्सर, मोबाइल, जे पुढ्यात येईल ते उघडून बसायची. हात सोन्याचा, पण गिऱ्हाईकाशी बोलायची वेळ आली की मालकाला पुढे करायची.

सिस्टरने वॉर्डात वर्षानुवर्षं एक गोष्ट पाहिली होती. सलाईन लावलेल्या पेशंटजवळ बसलेला माणूस पेशंटकडे बघतच नाही, बाटलीकडे बघत बसतो. ती संपली आणि कुणाच्या लक्षात आलं नाही तर, या धास्तीने तो डोळा मिटत नाही, जेवायला उठत नाही. पेशंटच्या तोंडावर तरतरी येते तोवर नातेवाईकाचं तोंड उतरलेलं असतं. एकदा ताटावर बसल्या बसल्या तिने हे सहज बोलून दाखवलं, आणि फ्यूजचा घास हातातच राहिला.

त्यातून 'हाक' तयार झाली. काडेपेटीपेक्षा जराशी मोठी डबी, वर अडकवायला एक आकडा, खाली बाटली लटकवायला दुसरा. आत एक स्प्रिंग. बाटली रिकामी होत आली की वजन कमी होतं, स्प्रिंग वर खेचली जाते आणि डबी बारीक आवाजात टीं टीं करायला लागते. आवाज मुद्दाम बारीक ठेवला होता. जवळ बसलेला माणूस उठावा, अख्खा वॉर्ड उठू नये, ही सिस्टरची अट होती. तिच्या जुन्या वॉर्डातल्या मुलींनी ती वापरून पाहिली आणि परत द्यायला टाळाटाळ केली, तेव्हा दोघींना कळलं की वस्तू जमली आहे.

पुढे काय करायचं ते मात्र कळत नव्हतं. मग शहरात नव्या तंत्रज्ञानाचं मोठं प्रदर्शन भरणार असल्याचं दुकानाच्या मालकाने सांगितलं. त्यात घरगुती शोध लावणाऱ्यांसाठी एका रांगेत छोटे स्टॉल राखून ठेवले होते. फ्यूज म्हणाली, आपण नुसतं बघून येऊ. सिस्टर म्हणाली, बघायला जाणारे खूप असतात, आपण दाखवायला जाऊ. आणि तिने स्टॉल नोंदवून टाकला.

अशा ठिकाणी दोघींपैकी कुणीच कधी पाऊल टाकलं नव्हतं. हॉल एवढा मोठा की समोरची भिंत धूसर दिसत होती. छताला लटकलेले पडदे, हात हलवणारी यंत्रं, गळ्यात पट्टा अडकवलेली माणसं, आणि सगळीकडून एकाच वेळी चाललेलं संगीत. त्यांचा स्टॉल शोधायला बराच वेळ लागला, कारण तो स्वच्छतागृहाच्या दाराला अगदी खेटून होता. टेबल, दोन खुर्च्या आणि मागे एक पांढरी फळी. फ्यूजचा चेहरा पडला. सिस्टरने टेबलावरून बोट फिरवून धूळ पाहिली, पर्समधून फडकं काढलं आणि पुसायला लागली.

पहिल्या तासाभरात स्टॉलवर माणसं आली, पण एकच प्रश्न घेऊन. जेंट्स इकडेच ना? फ्यूज मान खाली घालून हात दाखवायची. मग सिस्टरने खुर्ची पुढे ओढली आणि कारभार हाती घेतला. येणाऱ्याला ती म्हणे, "डावीकडे. पण आत गर्दी आहे, तुमचा नंबर लागेपर्यंत इथे उभे राहा." माणसं निमूट उभी राहत. वॉर्डातल्या आवाजाला नाही म्हणायची कुणाची टाप नव्हती. बघता बघता रांग टेबलाच्या कडेने वळली, आणि रांगेतल्या माणसाला करायला दुसरं काही नसल्यामुळे तो टेबलावरच्या स्टँडकडे, त्यावरच्या बाटलीकडे आणि खाली ठेवलेल्या बादलीकडे बघू लागला.

खरी अडचण तेव्हा कळली. बाटली संपली, स्प्रिंग खेचली गेली, आणि काहीच ऐकू आलं नाही. डबी टीं टीं करत होती, पण हॉलच्या गोंगाटात तो आवाज कुठल्या कुठे विरून गेला. रांगेतला एक जण हसून म्हणाला, मुकी आहे वाटतं. फ्यूजने पुन्हा बाटली भरली, पुन्हा तेच. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"आवाज वाढवता येईल का?" सिस्टरने विचारलं.

"येईल. पण मग वॉर्डात उपयोग नाही."

"मग वाढवू नकोस. दुसरं काय करता येईल ते बघ. तोवर मी रांग सांभाळते."

फ्यूज उभी राहून विचार करत होती, आणि तिची नजर समोरच्या स्टॉलवर गेली. तिथे तारा जोडायची, सोल्डरिंगची नवी यंत्रं मांडून ठेवली होती, आणि तिथला विक्रेता कुणी येत नाही म्हणून कंटाळून बसला होता. जी मुलगी गिऱ्हाईकाच्या डोळ्यांत बघत नसे, ती सरळ त्याच्याकडे गेली आणि म्हणाली, तुमचं यंत्र मला वापरून बघायचं आहे. त्याला तेवढंच हवं होतं. नमुन्यादाखल जोडायला ठेवलेले लाल दिवे त्याने तिच्यापुढे सरकवले. फ्यूजने आपल्या डब्या उघडल्या, बॅटरीला दिव्याचा भार झेपेल का याचा कागदाच्या कपावर हिशेब मांडला आणि कामाला लागली. तिचा हात चालताना बघायला माणसं थांबली. विक्रेत्याच्या स्टॉलवर त्या दिवशीची पहिली गर्दी झाली, तेव्हा तो इतका खूश झाला की तिला चहा घेऊन आला.

दुपारी हाक ऐकू आली नाही तरी दिसू लागली. बाटली संपली की डबीच्या कडेला लाल दिवा लुकलुकायचा. रांगेतल्या नवऱ्यासाठी थांबलेली एक बाई म्हणाली, माझ्या सासऱ्यांना ऐकू येत नाही, त्यांना हे चालेल. मायलेकींनी एकमेकींकडे पाहिलं. हे दोघींच्याही डोक्यात आलं नव्हतं.

मध्येच फ्यूज हॉलमध्ये एक चक्कर मारून आली ती हिरमुसून. एका मोठ्या कंपनीच्या स्टॉलवर सलाईनचंच यंत्र होतं. थेंब मोजणारं, नर्सच्या टेबलावरच्या पडद्यावर सगळ्या बाटल्या दाखवणारं. सिस्टरने तिला रांगेजवळ बसवलं आणि स्वतः जाऊन ते यंत्र नीट पाहिलं, तिथल्या मुलीला चार प्रश्न विचारले, उत्तरं मन लावून ऐकली.

"छान आहे," परत येऊन ती म्हणाली. "माझ्या वेळी असतं तर मी देवाचे आभार मानले असते. पण ते नर्ससाठी आहे. आपलं शेजारी बसलेल्या माणसासाठी आहे. दोन्ही असू देत की."

फ्यूजच्या खांद्यांवरचं ओझं उतरलं ते उतरलंच.

संध्याकाळकडे रांगेत एक जाड चष्म्याचा गृहस्थ उभा होता. त्याचा नंबर आला, मागच्याने त्याला पुढे व्हायला सांगितलं, तरी तो हलेना. तो दिवा लुकलुकताना बघत होता. मग त्याने मागच्याला पुढे जाऊ दिलं आणि सिस्टरला सांगितलं की बायकोच्या आजारपणात तो असाच बाटलीकडे बघत बसायचा. ती शेवटी काय बोलायची ते त्याला आठवतच नाही, पण बाटली किती उरली होती ते आठवतं.

सिस्टरने त्याला खुर्ची दिली.

जरा वेळाने तो सावरला आणि कामाचं बोलू लागला. त्याचा हॉस्पिटलच्या खाटा आणि सलाईनचे स्टँड बनवायचा कारखाना होता. ही डबी आपल्या स्टँडमध्ये कायमची बसवायची त्याची कल्पना होती. डिझाइन देता का, असं त्याने सिस्टरला विचारलं.

"मला विचारू नका, दादा. बनवलंय तिने."

फ्यूज पुढे झाली. डिझाइन देणार नाही, डब्या मी बनवून देईन, असं तिने सांगितलं. आणि डबी स्टँडला कायमची जोडायची नाही, काढता-घालता आली पाहिजे. डबी बिघडली म्हणून स्टँड अडून राहायला नको. गृहस्थाने वाद घातला, काढता येणारी वस्तू हॉस्पिटलातून नाहीशी होते म्हणाला. त्यावर तिने स्टँडला कडी आणि कडीला स्क्रू असा उपाय तिथल्या तिथे काढून दाखवला. दोघं बोलत होते तेवढा वेळ सिस्टरने रांग थोडी लांब उभी केली.

आठवड्याभरात तो गृहस्थ पहिली ऑर्डर घेऊन घरी आला. फ्यूजने दुकान सोडलं आणि घराच्या पुढच्या खोलीत टेबलं मांडली. आधी मायलेकी, मग गल्लीतल्या दोघी, मग आणखी काही जणी. बाप डब्यांना स्क्रू बसवतो आणि आपण तांत्रिक विभाग सांभाळतो असं पाहुण्यांना सांगतो. तयार झालेली प्रत्येक डबी सिस्टर स्वतः बाटली टांगून तपासते. जी नीट वाजत नाही तिला बाजूला ठेवताना म्हणते, "ही ॲडमिट."

गिऱ्हाइकांशी फ्यूज आता स्वतः बोलते. मध्यंतरी शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलात ती डब्या बसवायला गेली होती. एका खाटेजवळ स्क्रू घट्ट करत होती, तेवढ्यात औषधांची ट्रॉली घेऊन एक तरुण नर्स आली आणि अगदी सिस्टरच्या वॉर्डातल्या आवाजात म्हणाली, "ताई, आधी माझं काम होऊ दे, मग तुमचं."

फ्यूज बाजूला झाली. घरी येऊन तिने आईला सांगितलं, पोरगी चांगली आहे. सिस्टरने नाव काय म्हणून विचारलं, आणि ते विचारायचं राहिलं म्हणून, तिलाही सगळ्यांनी नुसतं सिस्टरच म्हणायचं का, असं लेकीला चांगलं खडसावलं.