एक जून पुसून काढणारे गुरुजी

देऊळघाटला बस थांबते तिथे लिंबाखाली एक काळा फळा आहे. रोज सकाळी सातच्या आत त्यावर दिनविशेष लागतो. आज कोण जन्मलं, कोण गेलं, जगात काय घडलं. पंजाबराव गुरुजी निवृत्त झाले त्याच्या दुसऱ्या दिवसापासून हे चालू आहे, आणि त्याला आता अकरा वर्षं झाली. कुणी सांगितलेलं नाही, कुणी विचारत नाही. काही माणसांना स्वस्थ बसवतच नाही, त्याला कोण काय करणार!

फळ्याच्या तळाशी एक ओळ गावाची असते. अमक्याचा वाढदिवस, तमक्या आजीची पुण्यतिथी. ह्याच ओळीनं गुरुजींची झोप उडवली. पहिल्या वर्षी एक जून उजाडला आणि त्यांनी शाळेच्या जुन्या नोंदी काढून पाहिल्या, तर गावातले एकशे बेचाळीस लोक त्या एकाच दिवशी जन्मलेले! फळा पुरला नसता, भिंत लागली असती.

आता ह्यात नवल काही नव्हतं. पोराला शाळेत घालायला आणलेल्या बापाला तारीख विचारली की तो वर आढ्याकडे बघायचा. मग मास्तर अंदाजानं वर्ष धरायचे आणि पुढे एक जून ठोकून द्यायचे. आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलं. खुद्द गुरुजींची जन्मतारीखही एक जूनच. पण त्या एकशे बेचाळिसांपैकी साठेक नोंदी त्यांच्या स्वतःच्या अक्षरातल्या होत्या. वळणदार, सुबक अक्षर आणि मजकूर धादांत खोटा. ते त्यांना फार लागलं.

"साठ लोकायचा जल्मदिवस खाल्ला मी," ते सुवर्णाबाईंना, म्हणजे बायकोला म्हणाले.

"मंग द्या वापस," त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या.

आणि गुरुजींनी ते खरंच मनावर घेतलं. म्हाताऱ्या बायकांना गाठायचं, पोळ्याच्या आधी की नंतर, अंधारी रात होती की चांदणं, कपाशी फुटली होती का, असं खोदून खोदून विचारायचं. मग जुनी पंचांगं काढायची. त्यानंही भागलं नाही तर तहसिलीत जाऊन कोतवाल बुक बघायचं. पूर्वी गावोगावच्या जन्ममृत्यूची नोंद ह्या वहीत होत असे. वही हातात घेतली की पानं पापडासारखी मोडतात, आणि शाई कुठे आहे, कुठे नाही. अकरा वर्षांत त्यांनी अठ्ठ्याहत्तर तारखा शोधल्या. ह्या कामाला पुरस्कार नसतो, पण असायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे.

फळ्याच्या शेजारीच कलाबाई भाजी घेऊन बसतात. चौऱ्याहत्तरीच्या, काटक, जिभेनं तिखट. वाचता येत नाही, म्हणून रोज सकाळी हाक मारतात, "गुरुजी, आज कोन मेलं?" गुरुजी वाचून दाखवतात. पण त्यांच्या स्वतःच्या तारखेचा विषय काढला की बाई मिरच्या निवडायला लागत.

"माह्या दिवशी काय लिवसान? कलीनं बापाले खाल्लं, असं लिवा."

त्या जन्मल्या त्याच दिवशी बाप गेला, पोरीचं तोंडही त्यानं पाहिलं नाही, असं त्यांना लहानपणापासून सांगितलेलं. आई लौकर गेली. वाढवलं चुलतीनं, आणि जेवणाच्या प्रत्येक ताटाबरोबर हे वाढलं. पांढऱ्या पायाची म्हणून लग्नकार्यात बाईंना मागे ठेवलं गेलं. पुढे कुणी मागे ठेवेनासं झालं, तर त्या स्वतःच मागे राहू लागल्या. कुणाचं तान्हं मूल त्यांनी कधी आपणहून उचललं नाही.

सप्टेंबरात नातू देवानंदला मुलगी झाली. बाईंनी अख्ख्या बसथांब्याला पेढे वाटले, पण पणतीला हात लावला नाही. देवानंद गुरुजींजवळ येऊन रडकुंडीला आला. "गुरुजी, आजी दारातूनच पाह्यते पोरीले. म्हंते, माही सावली नको. आता तुमीच काही करा."

गुरुजींनी दुसऱ्या दिवशी नांदुऱ्याची वाट धरली, कारण बाईंच्या बापाचं खेडं तिकडलं. हाताशी धागे दोनच होते. पहिल्या मतदानाच्या आधीचं वर्ष, आणि जवारी निसवून कणसं बाहेर पडली होती. म्हणजे एकावन्न साल, भाद्रपद-अश्विन. दोन खेपा फुकट गेल्या. त्या खेड्याची वहीच नव्हती. तिसऱ्या खेपेला रेकॉर्डवरचा कारकून कुलदीप कंटाळून म्हणाला, "सर, ते गाव लहान होतं, त्याची नोंद पाटलाच्या गावात होत असन. तिथलं बुक पाह्यता का?"

पाहिलं. आणि गुरुजी खुर्चीत बसले ते बराच वेळ उठलेच नाहीत.

घरी येऊन सुवर्णाबाईंना सगळं सांगितलं आणि म्हणाले, तारीख तीन दिवसांवर आहे, त्याच दिवशी फळ्यावर लिहीन. सुवर्णाबाई कडाडल्या. "तीन दिवस? चौऱ्याहत्तर वर्स झाले तिले वाट पाहून, अन् तुमाले फळा सुचते?" पण गुरुजी ऐकतात थोडेच. मात्र ते तीन दिवस त्यांना जेवण गेलं नाही, हेही खरं.

चार ऑक्टोबरला त्यांनी लिहिलं: १९५७, पहिला कृत्रिम उपग्रह अवकाशात. त्याखाली आणखी एक ओळ लिहिली आणि हात झटकले.

"गुरुजी, आज कोन मेलं?"

"आज कोनी नाही. आज तुमी जल्मल्या, कलाबाई."

बाईंचा हात मिरचीवर थांबला. गुरुजींनी एकेक शब्द सुटा करून वाचलं. "चार ऑक्टोबर एकोणीसशे एकावन्न. कचरूला मुलगी झाली. खबर देणार, बाप स्वतः. अंगठा." मग म्हणाले, "हे पाटलाच्या गावचं बुक, तुमच्या खेड्याची खबर तिथं जाये. कचरूचं मरण त्याच बुकात आहे. एकवीस तारीख. ताप. मधात सतरा दिवस गेले, बाई. तुमचे बाबा सतरा दिवस तुमच्यापाशी होते. लोकायनं त्याचा एक दिवस केला."

बाईंनी हळूच विचारलं, "पाटलाचं गाव किती दूर होतं?"

"तीन कोस."

"पायदळ?"

"पायदळच. एकावन्न साली दुसरं काय होतं? अन् त्या वर्साच्या पानावर पोरीची खबर द्याले आलेला बाप हा एकटाच आहे. बाकीच्या पोरी कोतवालानंच फिरून लिवल्या, नाही तं लिवल्याच नाही."

"पोरीसाठी तीन कोस," कलाबाई म्हणाल्या, आणि पदर डोळ्याला लावून हमसून हमसून रडल्या. बसमधले लोक खिडकीतून बघत होते. गुरुजींनी त्यांना रडू दिलं. त्यांचेही डोळे भरले होते.

थोड्या वेळानं बाई उठल्या, लुगडं झटकलं. "जरा भाजीपाशी बसा, गुरुजी," एवढंच म्हणून घराकडे निघाल्या, तरातरा.

दोन तास गुरुजींनी वांगी विकली, आणि मापात दरवेळी एखादं जास्तच टाकलं. मग देवानंदचा फोन आला.

"गुरुजी, आता आजीले समजवा. मांडीवर घेऊन बसली, अन् पोरीले दूध पाज्याले तिच्या मायजवळही देऊन नाही राह्यली."