पाय ठेवण्याआधी

इरा, साहिल, बाजारातून येऊन पिशवी खाली ठेवते न ठेवते तोच कुरुंदवाडहून धाकट्या जावेचा, सुशीलाचा फोन आला. "आक्का, ह्ये गेलं हो…" एवढंच ती बोलली. ह्ये म्हणजे माझे दीर, तुम्हा नातवंडांचे शेतातले आबा. महिना झाला त्याला.

इरा, तू परदेशातल्या ओल्या जमिनींचा अभ्यास करायला निघालीस, तेव्हा मला कोण आनंद झाला! आयुष्यभर इंग्रजी शिकवलेली मी, लगेच वही आखून बसले. मार्शमध्ये गवत आणि लव्हाळं, स्वॉम्पमध्ये झाडं. बॉग पावसाच्या पाण्यावर पोसलेलं, शेवाळाचं. फेनला जमिनीखालूनही पाणी मिळतं. शेजारी आपले शब्द लिहिले: पाणथळ, दलदल, पाणी साचून बिघडलेली ती चिबड. भाऊजींना सगळं वाचून दाखवलं. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "वैनी, ह्यातल्या कशात म्हस उभी ऱ्हाती, ते लिवलंय का?"

ते लिहिलं नव्हतं. पूर ओसरला की भाऊजी नदीकाठच्या मळीच्या रानात म्हैस पुढे सोडत आणि ती थबकली की स्वतःही थबकत. ती जमीन कोणती, हे त्यांनी कधी विचारलं नाही…

मागच्या वर्षी तू फोटो पाठवलास. सपाट, हिरवंगार, पलीकडे टेकडी. 'उद्या इथून आडवी जाणार.' मी कळवून टाकलं, हे बॉग, मऊ शेवाळ, उंच बूट घाल. भाऊजी तेव्हा इथेच होते. त्यांनी मोबाईल दाराच्या उजेडात तिरका धरला आणि त्यांचा चेहरा उतरला.

"मेंढरं कडंकडंनं चरल्यात. मधी एक बी न्हाई. जनावर जात न्हाई तितं पोरगी कशाला जाती? फोन लावा."

"भाऊजी, तिकडे अजून उजाडलं नसेल."

"नसंना का! उठंल की!"

तू चिडलीस, पण काठी घेऊन गेलीस. ती काठी अख्खी आत गेली. माझा शब्द बरोबर होता, इरा, आणि त्याच्या भरवशावर तू पाऊल टाकलं असतंस.

काल तुझा नवा फोटो आला. याच आठवड्यात जाणार म्हणतेस. हे फेन, इतकं मला कळलं. पण लिहून पाठवायला हात धजेना. सकाळच्या एसटीनं कुरुंदवाड गाठलं. सुशीलानं मोबाईल दाराशी नेला, तिरका धरला आणि डोळे बारीक करून बराच वेळ पाहत राहिली… अगदी त्यांच्यासारखी.

"मला काय कळतंय, आक्का. ह्ये असतं तर सांगितलं असतं." मोबाईल परत देता देता तिचा हात थांबला. "पर ह्यात कुटंच जनावर दिसंना की वो मला."

इरा, नाव काय लिहायचं ते मागाहून बघू. आधी फोन कर.