कोळसा मी आणला होता

२६ जानेवारी, संध्याकाळी सात. पालेगावातल्या आमच्या सोसायटीचा कार्यक्रम. मी खजिनदार, जेवणाची कूपनं मीच वाटली, म्हणून आकडा माहीत आहे. हजर माणसं एकशे बारा. अकरा मुलं तोंडाला काळं फासून, कमरेला पानं बांधून ‘जंगली’ नाच करत होती. बारावा मुलगा मालक. हातात चाबूक.

सेक्रेटरी माइकवरून म्हणाले, "आपल्या खजिनदारांना पण बोलवा. त्यांना रंग नको, असेच चालतील."

सगळे हसले. मीही हसलो. टाळ्या वाजवल्या.

एक गोष्ट सांगायची टाळत आलोय. तो कोळसा मी आणला होता. तुमच्याकडे अस्सल मिळेल, असं सेक्रेटरी म्हणाले होते. बारवीकडच्या आमच्या कातकरवाडीतून पिशवीभर आणला. कौतुक होईल असं वाटलं.

माझ्या बापाने लग्नासाठी शेठकडून तीनशे रुपये उचल घेतली. त्यापायी कोळशाच्या भट्टीवर अकरा वर्षं राबला. आईसकट. मी भट्टीवरच जन्मलो.

माझी मुलगी चित्रकला महाविद्यालयात शिकते. तिने सहा मिनिटांचा व्हिडिओ केला. पडद्यावर सिनेमा-मालिकांतले काळे रंगवलेले गुलाम, नोकर, जंगली. नाचणारे, फटके खाऊन हसवणारे. त्यांची गाणी काढून टाकलेली. त्या जागी माझ्या बापाचा आवाज, तो हयात असताना तिने मोबाइलवर घेतलेला: "हिशोब मागला का शेठ बोलं, अजून नाय फिटला." प्रत्येक नाचाला तेच वाक्य. शेवटी आमच्या सोसायटीचा नाच. मुलांचे चेहरे तिने पुसट केले होते. स्पष्ट चेहरा एकच. टाळ्या वाजवणारा. माझा.

"बाबा, तुमचा भाग काढू का?"

मी तो भाग पुन्हा लावून पाहिला. मग म्हणालो, "ठेव."

तो व्हिडिओ सोसायटीच्या हॉलमध्ये दाखवायचा अर्ज मी दिला. सेक्रेटरी घरी आले, चहा प्यायले. गंमत होती, म्हणाले. सभासदांना हॉल फुकट, पण असल्या गोष्टीला भाडं पडेल. शिवाय मी खजिनदार राहू शकणार नाही. अर्ज मागे घेऊन दोन ओळींचं माफीपत्र दिलं, तर विषय मिटेल.

"जुनं कशाला उकरता? इथे तुम्हाला कोण काय म्हणतं?"

"तुम्ही म्हणालात. माइकवरून."

त्यांनी कप खाली ठेवला. मी हिशोबाच्या वह्या आणि चाव्या त्यांच्यापुढे ठेवल्या.

रविवारी सात वाजता व्हिडिओ दाखवणार. सगळ्यांना माझा तो चेहरा दिसेल. मी पहिल्या रांगेत बसणार, मान खाली घालणार नाही. आणि यापुढे माझ्या वाडीतून कोणाच्या करमणुकीसाठी काहीही येणार नाही.

हॉलचं भाडं पाचशे रुपये सोसायटीला दिलं. पावती घेतली. माफीपत्र दिलं नाही.